बहुरूपी संदूक : एका नसलेल्या प्राण्याची जीवकथा

जो प्राणी अस्तित्वातच नाही त्याचे खाणे, राहणे आणि शरीररचना माणसाने इतक्या काळजीने का लिहून ठेवावी, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाला क्षुल्लक वाटू नये. काल्पनिक प्राण्याला जीवशास्त्र देणे म्हणजे त्याचे प्रयोजन ठरवणे होय. ‘मिमिक’ नावाच्या एका राक्षसी प्राण्याच्या इतिहासातून हे चांगले दिसते.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. भुयारात उतरायचे, राक्षसांशी लढायचे आणि धन घेऊन परतायचे, असे त्याचे स्थूल स्वरूप. १९७७ साली गायगॅक्स यांनी ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ हा राक्षसांचा कोशच सिद्ध केला. त्यात मिमिकची नोंद आहे. हा प्राणी भुयारात राहतो, त्याला सूर्यप्रकाश सहन होत नाही. तो दगडाचे वा लाकडाचे हुबेहूब रूप घेतो. दार किंवा संदूक होऊन बसतो. हात लावणारा त्याच्या अंगच्या चिकट द्रवाला चिकटतो आणि मग त्याच्यावर घाव बसतो. त्याच्या दोन जाती सांगितल्या आहेत. मोठी जात हिंस्र आणि मंदबुद्धी; लहान जात बोलकी, आणि खायला दिले तर बहुधा स्नेहाने वागणारी.

ही कल्पना अगदीच निराधार नव्हती. ‘फिजिओलोगस’ या प्राचीन ग्रीक ग्रंथात ‘अ‍ॅस्पिडोकेलोन’ नावाचा प्रचंड जलचर आहे. खलाशी त्याला बेट समजून नौका बांधतात, वर चूल पेटवतात; चटका बसताच तो नौकेसह तळ गाठतो. भूक लागली की तो तोंड उघडतो आणि आतल्या सुगंधाने लहान मासे आपण होऊन आत शिरतात. आपल्याकडे भागवताच्या दशम स्कंधातला अघासुर आठवावा. त्याच्या उघड्या मुखात गोपबालक निःशंकपणे शिरतात. या कथांचा परस्परांशी उगमाचा संबंध आहे असे म्हणण्याचे कारण नाही; मात्र पायाखालची जागाच सजीव निघावी, हे भय त्यांत समान आहे.

फरक आहे तो उपयोगात. ‘फिजिओलोगस’मधला जलचर हा सैतान आहे, त्याच्यावर विसंबणारा नरकात जातो, हा बोध. त्याचे सारे जीवशास्त्र या बोधासाठी राबते. गायगॅक्स यांच्या मिमिकला असा धर्मार्थ नाही. प्रत्येक संदूक उघडू पाहणाऱ्या खेळाडूला तो सावध करतो. त्याचा उपयोग खेळाच्या शिस्तीपुरता आहे.

परंतु जीवशास्त्राच्या कसोटीला हा मिमिक उतरत नाही. निसर्गात फसवून शिकार करणारे जीव आहेतच. डोळ्यांपुढच्या तंतूंनी लहान माशांना भुलवणाऱ्या माशाचे वर्णन अ‍ॅरिस्टॉटलने केले आहे. १८६२ साली हेन्री वॉल्टर बेट्स यांनी अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील फुलपाखरांवरून अनुकरणाची मीमांसा केली. तिथे अनुकरण स्वसंरक्षणासाठी होते. पण संदुकीचे रूप घेणाऱ्या प्राण्याचे भक्ष्य कोणते? संदुकीकडे आकृष्ट होतो तो फक्त माणूस. म्हणजे हा प्राणी जगतो तो माणसाच्या लोभावर. लोभ संपला तर त्याची उपासमार होईल! इतके मानवी परिस्थितिविज्ञान कुठल्या खऱ्या श्वापदाला लाभले असेल?

पुढे तो जपानमध्ये पोचला. १९८८ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ या व्हिडिओ गेममध्ये दात विचकणारी संदूक आली. आणि २०१४ ते २०२३ या काळात रिओको कुई यांच्या ‘डंजन मेशी’ या चित्रकथामालेत त्याचा कायापालट झाला. भुयारातले राक्षस रांधून खाणाऱ्या मंडळींची ही कथा. त्यातला मिमिक हा रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणाऱ्या खेकड्यासारखा जीव आहे. संदूक हे त्याचे शरीर नव्हे, घर आहे. आणि त्याला उकडून खाता येते.

इथे मोठे स्थित्यंतर घडते. संदूक घर ठरताच कपट नाहीसे होते. तो आपल्याला फसवायला बसलेला नव्हता. आसरा शोधून राहत होता, दार आपणच उघडले. जीवशास्त्र जितके सुसंगत, तितका राक्षस निरपराध, असा हा विलक्षण व्यस्त संबंध आहे. अर्थात निरपराध म्हणून त्याला अभय मिळत नाही. तो पानात वाढला जातो. पण सैतान म्हणून धिक्कारणे आणि अन्न म्हणून ओळखणे, यांत दुसऱ्या वृत्तीला त्या जीवाकडे नीट पाहावे लागते. तो कुठे राहतो, काय खातो, कोणामुळे जगतो, हे विचारावे लागते.

खलपात्रांचे विवेचन करताना आपण वर्गात बहुधा पहिल्या वृत्तीवरच थांबतो. खलत्व हा स्वभाव मानला की प्रश्न संपतात. त्या पात्राचे घर कोणते आणि त्याचे दार कोणी उघडले, हे विचारले तर काही प्रश्न नव्याने सुरू होतील.