एक ठेका, अनेक कंठ: ‘स्टॅलग’ आणि कर्तृत्वाचा प्रश्न

रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये ‘लेखकाचा मृत्यू’ घोषित केला. त्याच सुमारास जमैकातील किंग्स्टन येथे मूळ गीतातील गायन वगळून उरलेले वाद्यसंगीत तबकडीच्या दुसऱ्या बाजूस ‘व्हर्जन’ म्हणून मुद्रित होऊ लागले. गायकाने मोकळी केलेली ही जागा कोणालाही आपल्या शब्दांनी भरता येत असे. बास आणि ड्रम यांच्या अशा आवर्ती, पुनर्योज्य चौकटीस तेथे ‘रिडिम’ म्हणतात. संहिता ही पूर्वसंहितांची वीण असते, हा सिद्धान्त येथे नित्य व्यवहार झालेला दिसतो.

‘स्टॅलग’ हा रिडिम याचे लक्षणीय उदाहरण होय. निर्माते विन्स्टन रायली यांच्यासाठी ॲन्सेल कॉलिन्स यांनी १९७३ च्या सुमारास ‘स्टॅलग १७’ ही वाद्यरचना मुद्रित केली. तिचे नावही उसनेच आहे. ते युद्धकैद्यांच्या छावणीवरील १९५३ च्या अमेरिकन चित्रपटाचे. पुढे या ठेक्यावर जनरल एको यांचे ‘आर्लीन’, सिस्टर नॅन्सी यांचे ‘बॅम बॅम’ (१९८२) आणि टेनर सॉ यांचे ‘रिंग द अलार्म’ (१९८५) सिद्ध झाले. टेनर सॉ प्रतिस्पर्धी ध्वनियंत्रणेच्या पराभवाची द्वाही फिरवतात, तर नॅन्सी पुरुषप्रधान क्षेत्रात स्त्री ‘डीजे’ म्हणून, म्हणजे ठेक्यावर शब्दफेक करणारी कलावंत म्हणून, स्वतःची ग्वाही देतात. ठेका तोच राहतो. अर्थाचे केंद्र मात्र प्रत्येक कंठागणिक सरकते.

तथापि, या बहुस्वरतेचा केवळ गौरव करून थांबणे अपुरे ठरेल. ‘बॅम बॅम’चे ध्रुवपद टूट्स अँड द मेटल्स यांच्या १९६६ मधील पारितोषिकप्राप्त गीतातून आलेले आहे, म्हणजे नॅन्सी यांची रचनाही दुहेरी ऋणावर उभी आहे. परंतु ऋण सर्वांचे असले, तरी लाभ सर्वांचा नव्हता. या गीताचा १९९८ मध्ये ‘बेली’ या चित्रपटात वापर झाला. त्यावर ‘सँपल’च्या रूपाने अनेक नव्या रचनाही उभ्या राहिल्या. तरीही सुमारे तीन दशके आपणांस मोबदला मिळाला नाही, असे नॅन्सी यांनी सांगितले आहे. २०१४ मध्ये एका जाहिरातीत ते ऐकल्यानंतर त्यांनी कायदेशीर मार्ग पत्करला आणि हक्कांत वाटा मिळविला. ज्या संहितेत ‘मी’चा उच्चार सर्वाधिक ठाम आहे, तिच्याच बाबतीत त्या ‘मी’ची मालकी दीर्घकाळ नाकारली गेली, हा विरोधाभास अर्थपूर्ण आहे.

मिशेल फूको यांनी १९६९ मध्ये लेखक ही व्यक्ती नसून एक कार्य आहे, असे प्रतिपादन केले. रिडिमच्या इतिहासात हे कार्य लोप पावत नाही. ते विभागले जाते, आणि त्याचा आर्थिक अंश मुद्रणाची साधने ज्याच्या हाती असतात त्याच्याकडे जातो. लेखकाचा मृत्यू ही संकल्पना वाचकास मुक्त करणारी खरीच. मात्र ज्यांना लेखक म्हणून कधी मान्यताच मिळाली नाही, त्यांच्या संदर्भात ती वेगळ्या रीतीने तपासावी लागते. आंतरसंहितात्मकतेचा विचार करताना कोणाचा स्वर कोठून आला, या प्रश्नाबरोबरच त्या स्वराचे मोल कोणाच्या पदरी पडले, हेही समीक्षेने विचारले पाहिजे.