नोंदवहीतील नाव

इ.स. १८६७ मध्ये मुंबई-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे मुंबईशी जोडली गेली. वऱ्हाडचा कापूस त्याच मार्गाने बंदराकडे जाऊ लागला. कापसाच्या व्यापाराने व गिरण्यांनी वाढलेल्या त्या शहरात, कुटुंब गावी ठेवून आलेल्या पुरुषांची संख्या फार मोठी होती. तेथेच देहविक्रयाचा बाजार फोफावला. कामाठीपुरा हे त्याचे सर्वपरिचित नाव.

पुढच्याच वर्षी, १८६८ मध्ये, ब्रिटिश सरकारने सांसर्गिक रोगांचा कायदा केला. मुंबईत तो १८७० मध्ये लागू झाला. देहविक्रय करणाऱ्या स्त्रीने आपले नाव सरकारदरबारी नोंदवावे, ठरावीक मुदतीने तपासणी करून घ्यावी, रोग आढळल्यास खास रुग्णालयात राहावे, असे बंधन होते. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाची ना नोंद, ना तपासणी. जोसेफिन बटलर प्रभृतींच्या प्रदीर्घ विरोधानंतर १८८८ मध्ये हा कायदा रद्द झाला.

स्वतंत्र भारतात १९५६ चा कायदा आला. त्यानुसार देहविक्रय हा स्वतः गुन्हा नाही. मात्र सार्वजनिक जागी गिऱ्हाइकाला खुणावणे गुन्हा आहे. साहजिकच, जिला कोठीचाही आडोसा नाही अशी रस्त्यावरची स्त्री कायद्याच्या हाती प्रथम सापडते. दंडासाठी उसने काढावे, तर ते फेडण्यासाठी पुन्हा त्याच रस्त्यावर उभे राहावे लागते. पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत तिचे नाव सहज चढते. पण राहत्या जागेचा पुरावा नसल्याने शिधापत्रिकेवर चढत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत या विसंगतीचे मोल उपासमारीने मोजावे लागले. त्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ओळखपत्राचा आग्रह न धरता या स्त्रियांना धान्य देण्यास राज्यांना सांगितले. शिधापत्रिका देण्याचा आदेश तर २०११ चाच होता. दहा वर्षांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, न्यायालयाला त्याची पुन्हा आठवण करून द्यावी लागली.

मे २०२२ च्या आदेशात आधारपत्राविषयी एक लहानसे, पण मोलाचे कलम आहे : धारक स्त्रीचा व्यवसाय उघड होईल असा कोणताही संकेतांक त्यावर असू नये. १८६८ च्या नोंदवहीत व्यवसाय हीच तिची ओळख होती. दीडशे वर्षांनंतर तिला केवळ नागरिक म्हणून नोंदवावे, असे न्यायालयाने म्हटले. वाचकहो, त्या आदेशाची कसोटी दिल्लीत लागणार नाही. ती तहसील कचेरीत आणि शिधावाटप दुकानाच्या रांगेत लागेल. त्या रांगेत आपणही उभे असतो.