काडीपैलवानाचं पित्त

आमच्या घराण्यात जाड माणूस झाला नाही. प्रयत्न झाले नाहीत असं नव्हे. वांग्याचं भरीत, त्यावर शेंगदाण्याच्या कच्च्या तेलाची धार, कळण्याची भाकरी, लाल तर्रीची शेवभाजी हे सगळं सोयगावच्या आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या भक्तिभावानं खाल्लं गेलं. पण अंगी म्हणून लागलं नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी आमच्या ओळीपाशी आला की त्याला दया यायची आणि तो न मागता एक जिलबी जास्त टाकून जायचा. गावात आम्हाला 'काड्यांचं घर' म्हणत. आम्हालाही त्याचा आतून अभिमानच होता. गावातला एखादा पोट सुटलेला व्यापारी छातीच्या दुखण्यानं गेला की आमच्या ओसरीवर हळहळ व्यक्त व्हायची, पण तिच्या तळाशी एक सुरक्षित समाधान असायचं. अण्णा म्हणायचे, ''माणूस चरबी खात नाही रे, चरबी माणसाला खाते.''

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. माझ्याहून तेरा वर्षांनी मोठे. शाळामास्तर. पाहुणे आले की त्यांना वेताळवाडीचा किल्ला दाखवायला न्यायचे आणि चढावर पाहुण्यांच्या पिशव्या स्वतःच्या खांद्यावर घ्यायचे. पाहुणे धापा टाकत, अण्णा इतिहास सांगत.

1984 सालच्या उन्हाळ्यात एका रात्री त्यांच्या छातीत जळजळ सुरू झाली. आदल्या दिवशी लग्नाचं जेवण झालेलं. घरात पाच मिनिटांत एकमतानं निदान झालं : पित्त. लिंबू-सोडा झाला, थंड दूध झालं, आलेपाकाची वडी झाली. ''थोडं बरं वाटतंय,'' असं म्हणून ते कुशीवर वळले. पहाटे गेले. वय एक्कावन्न. सकाळी डॉक्टर म्हणाले, ''हार्ट.'' आणि खरं सांगतो, दुःखाच्या आधी आम्हाला आश्चर्य वाटलं. हार्ट? आमच्याकडे? शेजारच्या वाड्यावर जायचं पत्र चुकून आमच्या घरी पडावं, तसं ते वाटलं.

पुढं वीस वर्षं मी कसलीच तपासणी केली नाही. 2004 साली इतिहासाचा मास्तर म्हणून मी निवृत्त झालो, तेव्हा मुलीनं हट्टानं रक्त तपासायला पाठवलं. 'उपाशीपोटी या' असा निरोप होता. त्याप्रमाणे मी गेलो. तिथल्या मुलानं विचारलं, ''काका, उपाशी आहात ना?''

''हो तर. एकादशीच आहे.''

''काहीच खाल्लं नाही?''

''काही नाही. साबुदाण्याची खिचडी, दोन बटाट्याचे पापड आणि दाण्याचा एक लाडू.''

मुलानं सुई खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे द्वादशीला, मी आयुष्यातला पहिला खरा उपास करून रक्त दिलं.

कागद हातात आला. एकूण कोलेस्टेरॉल 212, एचडीएल 34, ट्रायग्लिसराइड 240, एलडीएल 130. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर जन्मभर मार्क दिलेल्या माणसाला स्वतःचे मार्क वाचता येईनात. त्यातून एचडीएल जास्त असावं आणि बाकीचं कमी असावं, ही कसली मार्कपद्धत! मग मास्तराची खोड जागी झाली. म्हटलं, या आकड्यांची सनावळी तरी काढू.

पहिला धक्का नावातच बसला. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पित्ताशयातल्या खड्यांत एक मेणचट पांढरा पदार्थ सापडला. पुढं शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं 1816च्या सुमाराला त्याचं बारसं केलं : 'कोलेस्टेरिन'. ग्रीक भाषेत 'कोले' म्हणजे पित्त, 'स्टेरिओस' म्हणजे घट्ट. घट्ट पित्त! मी कागद बाजूला ठेवला आणि बराच वेळ अंगणात बसून राहिलो. त्या रात्री आम्ही अण्णांच्या छातीतल्या दुखण्याला जे नाव दिलं होतं, तेच नाव.

अर्थात नावाचं काही खरं नसतं, हे सोयगावकराला सांगायला नको. अजिंठ्याची जगप्रसिद्ध लेणी आहेत आमच्या सोयगाव तालुक्यात आणि नाव लागलं सिल्लोड तालुक्यातल्या अजिंठा गावाचं. कोलेस्टेरॉलचंही तसंच. सापडलं पित्ताच्या खड्यात, राहतं सगळ्या शरीरात आणि कुप्रसिद्ध झालं हृदयापायी. (बारसं करणारे शेव्रल मात्र 102 वर्षं जगले. आकडा कुणी काढला असता तर काय आला असता, देव जाणे.)

हृदयाशी त्याचा संबंध लागायला पुढं शंभर वर्षं गेली. 1910 साली विंडाउस या जर्मन शास्त्रज्ञानं दाखवलं, की रोगट महारोहिणीच्या भिंतीत हा पदार्थ निरोगी भिंतीपेक्षा कितीतरी पट साठलेला असतो. 1913 साली सेंट पीटर्सबर्गला अनिचकोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात कोलेस्टेरॉल विरघळवून चारलं आणि सशांच्या रोहिण्या माणसांसारख्या बुजू लागल्या. लोक म्हणाले, ससा जन्माचा शाकाहारी, त्याला असलं चारल्यावर दुसरं काय होणार? उंदीर-कुत्र्यांत तसं घडेना, त्यामुळे गोष्ट बरीच वर्षं तिथंच राहिली.

मग आले कॅलिफोर्नियातले गॉफमन. त्यांनी 1950च्या सुमाराला केलं ते आमच्या आजीला सहज समजलं असतं. त्यांनी रक्त घुसळलं. रक्त पाणीदार आणि चरबी तर पाण्यात विरघळत नाही. म्हणून ती प्रथिनांच्या गाड्यांत बसून प्रवास करते. प्रचंड वेगानं फिरणाऱ्या यंत्रात घातल्यावर ताकावर लोणी यावं तशा हलक्या गाड्या वर आल्या, जड खाली राहिल्या. त्या हलक्यांपैकी एलडीएल हे रोहिणीच्या भिंतीत माल उतरवत जातं. जड एचडीएलकडं रिकाम्या परतीच्या गाडीसारखं पडलेला माल उचलून आणायचं काम. म्हणजे एकूण माल किती यापेक्षा तो कुठल्या गाडीत आहे, याला महत्त्व आलं.

त्याच काळात अमेरिकेत बॉस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅम गावात एक चिकाटीचं काम चाललं होतं. 1948 साली तिथल्या 5,209 स्त्रीपुरुषांची नावं लिहून घेतली आणि दर दोन वर्षांनी त्यांना तपासत राहिले. कुणाला झटका येतो आणि येण्याआधी त्याच्या रक्तात काय होतं, एवढंच बघायचं. 1961 साली त्यांनी लिहिलं, की रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ही पुढच्या धोक्याची खूण आहे. खूण, भविष्य नव्हे. आकडा वाईट असून नव्वदी गाठणारे असतात, चांगला असून जाणारेही असतात. पण हजार माणसं घेतली की वाईट आकड्यांच्या बाजूला जास्त पाटं रिकामी होतात.

आणखी एक गंमत मला नंतर कळली. माझं एलडीएल 130 कुणी मोजलंच नव्हतं! 1972 साली फ्रीडवाल्ड यांनी सूत्र काढलं : एकूणातून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइडला पाचानं भागून तेही वजा करा. मी कागदावर करून पाहिलं. 212 वजा 34 वजा 48, बरोबर 130. पाचवीच्या मुलानं केलं असतं. मात्र ट्रायग्लिसराइड 400च्या वर गेलं की हे गणित चालत नाही.

एवढं सगळं वाचूनही माझा मूळ प्रश्न तसाच राहिला. काडीपैलवानाच्या रक्तात ही चरबी आली कुठून? सगळा दोष तेला-तुपावर ढकलावा, तर पश्चिम रेल्वेचे डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांनी 1967 सालीच घोटाळा करून ठेवलेला. त्यांनी देशभरच्या रेल्वे नोकरांचे मृत्यू तपासले, तेव्हा तूप-दूध ओरपणाऱ्या उत्तरेकडच्यांपेक्षा कितीतरी कमी स्निग्ध खाणाऱ्या दक्षिणेकडच्यांत हृदयविकाराचे मृत्यू सुमारे सातपट निघाले.

उत्तर मिळालं ते पुण्यात. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. माझ्या एकादशीचंच वर्ष. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं. तो निर्देशांक दोघांचाही 22.3. पण अंगातली चरबी मोजली, तर साहेबाची 9.1 टक्के आणि आपल्या माणसाची 21.2! सोबत त्यांनीच खेळकरपणे लिहिलं होतं, की एक जण मॅरेथॉन पळतो आणि दुसऱ्याचा व्यायाम म्हणजे हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत गाठणं. आपण काटकुळे दिसतो, पण स्नायू कमी आणि चरबी आत, पोटात, दडलेली. अशा चरबीनं ट्रायग्लिसराइड चढतं, एचडीएल उतरतं. माझा कागद पुन्हा बघितला. 240 आणि 34. आमच्या घराण्याची जन्मपत्रिकाच. पंगतीत जिलबी वाढणाऱ्याला बिचाऱ्याला काय माहीत!

अण्णांचा धाकटा, माझा पुतण्या, पुण्याला असतो. यंदा तो एक्कावन्नचा झाला. हा आकडा घरात कुणी उच्चारत नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. मी फोन केला. ''अरे, रक्त तपासून घे.''

''काका, मी कुठं जाड आहे? मला फक्त अधूनमधून पित्त होतं.''

एरवी मी त्याच्यावर ओरडत नाही. त्या दिवशी ओरडलो.

आठ दिवसांनी त्यानं रिपोर्टाचा फोटो पाठवला. ट्रायग्लिसराइड 416. एलडीएलच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. तो घाबरून म्हणाला, ''काका, मशीन बिघडलं का?'' मी त्याला 1972 सालचं सूत्र आणि 400ची मर्यादा समजावून सांगितली. निवृत्तीनंतर इतका चांगला तास मी घेतला नव्हता. मग एलडीएल थेट मोजून घेतलं, हृदयाच्या तपासण्या झाल्या, गोळी सुरू झाली. जपानच्या एंडो यांनी 1973 साली क्योटोच्या धान्याच्या दुकानातल्या तांदळाच्या बुरशीत जे औषध शोधलं, त्याच कुळातली. आता तो रोज पहाटे टेकडी चढतो आणि तिथून मला फोन करतो. धाप लागली की लगेच कळतं.

वहिनी आता सोयगावलाच असतात. शहाऐंशी वर्षांच्या. गोळी सुरू झाल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलंच. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

''भाऊजी, पोराला काय झालंय हो? खरं सांगा. पित्तच आहे ना?''

''पित्तच आहे, वहिनी,'' मी म्हटलं. ''पण या वेळी रक्तात सापडलंय. वेळेवर.''