थ्रेड : हरलेल्याची सही

१/ सप्टेंबर १८७५. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील, वारणाकाठचे कोकरूड (आज सांगली जिल्हा, शिराळा तालुका). रात्री गावकरी जमले, सावकाराचे घर लुटले आणि त्याच्या दप्तराची होळी केली. राग सावकारावर होता, मग आग कागदांना का? उत्तर दिवाणी दाव्यांच्या इतिहासात आहे.

२/ त्यासाठी दोन शतके मागे जाऊ. पाटीलकी, इनाम, भाऊबंदांची वाटणी असे तंटे तेव्हा गोतसभेपुढे येत. पाटील, कुळकर्णी, देशमुख, देशपांडे, शेटे-महाजन आणि बलुतेदार हे सभेचे घटक. धर्मशास्त्राचा प्रश्न असेल, तर कऱ्हाड-वाईसारख्या क्षेत्रांतील ब्रह्मसभेचे मत घेतले जाई.

३/ दाव्याची पहिली पायरी म्हणजे ‘राजीनामा’. आज या शब्दाचा अर्थ पद सोडणे. तेव्हाचा अर्थ शब्दशः : ‘या सभेचा निर्णय मानण्यास आम्ही राजी आहोत’ असा लेख. तो वादी व प्रतिवादी दोघेही देत, जामीनही देत. स्थानिक गोत पक्षपाती वाटल्यास दुसरे ‘थळ’, म्हणजे दुसऱ्या ठिकाणची सभा, मागता येई.

४/ मग दोघांच्या ‘तकरिरी’, म्हणजे लेखी कैफियती. जुनी कागदपत्रे तपासली जात. साक्षीदारांना देवळात वा नदीच्या पाण्यात शपथ घ्यावी लागे. पुरावा खुंटला, तर शेवटचा उपाय दिव्य : उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा आणि हात भाजला की नाही यावरून निर्णय करायचा.

५/ निर्णयाचा महजर होई. त्यावर पाटलाची निशाणी नांगर, बलुतेदारांची आपापल्या हत्यारांची चित्रे. जिंकणाऱ्याकडून ‘हरकी’, हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’ अशी रक्कम सरकार घेई. आणि सर्वांत महत्त्वाचा कागद हरणाऱ्याने लिहून द्यायचा : ‘येजितखत’. माझा दावा खोटा ठरला, पुन्हा कटकट करणार नाही, अशी त्यात कबुली असे.

६/ हा सुवर्णकाळ नव्हे. सभेत वजन वतनदारांचे, स्त्रियांना व खालच्या मानलेल्या जातींना आवाज अल्प. राज्य बदलले की येजितखत बाजूला सारून तोच तंटा पुन्हा उभा राही. कित्येक वाद पिढ्यानपिढ्या चालले. तरीही तत्त्व स्पष्ट होते : हरलेला हजर हवा, आणि त्याच्या तोंडून मान्यता हवी.

७/ १८१८ मध्ये पेशवाई गेली. पंचायतीचे दोष जाणूनही एल्फिन्स्टनने ती टिकवू पाहिली. पण १८२७ च्या त्याच्याच कायदेसंहितेनंतर दिवाणी कोर्टे मुख्य ठरली. साताऱ्यात १८१९ च्या तहाने प्रतापसिंह महाराजांचे राज्य राहिले होते. १८४८ मध्ये ते खालसा झाले आणि इंग्रजी दिवाणी कायद्याची वाट इथेही मोकळी झाली.

८/ आता खत हाच पुरावा. सावकार दावा लावी. निरक्षर कुणबी भीतीने, अज्ञानाने किंवा समन्स न पोहोचल्याने कोर्टात येतच नसे. निकाल ‘एकतर्फी’. जिल्ह्याच्या गावी झालेला हुकूमनामा शेतकऱ्याला कळे तो बजावणीची दरखास्त आल्यावर!

९/ भर पडली १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची. साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांत लावायचा. हेतू होता जुन्या दाव्यांचा त्रास टाळण्याचा. झाले असे की दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागला. अंगठा उठे, आकडा फुगे.

१०/ १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला. पुणे-नगरकडच्या गावांत लोकांनी खते व हुकूमनामेच जाळले. कोकरूड त्या पट्ट्यापासून दूर. तरी तिथेही कागदच पेटले. ज्या निकालात आपण कधी हजरच नव्हतो, तो मानायचा कसा?

११/ १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा याचे उत्तर होता. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. कोर्टाने खतामागचा मूळ व्यवहार तपासायचा. कर्जासाठी शेतकऱ्याला कैद नाही. आणि दाव्यापूर्वी तडजोड अधिकाऱ्यापुढे जाऊन त्याचा दाखला आणायचा. सावकारांनी पळवाट काढली : गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून घ्यायचे.

१२/ १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने याच मुलखात न्यायदान मंडळे चालवली. जमिनीचे, कर्जाचे, घरगुती तंटे गावातच, सर्वांसमोर मिटू लागले. शिक्षा कधी कठोर असत, हेही खरे. पण लोक कोर्ट सोडून तिथे जात, कारण तिथे त्यांचे म्हणणे त्यांच्याच भाषेत ऐकले जाई.

१३/ आज लोकअदालतीत दोन्ही पक्ष राजी झाले की तडजोडीवर दोघांच्या सह्या होतात. १९८७ च्या कायद्यानुसार त्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ आहे आणि त्यावर अपील नाही. जुना ‘राजीनामा’ आठवतो ना?

१४/ घरच्या ट्रंकेत मोडी कागद असतील, तर रद्दीत देऊ नका, जाणकाराकडून वाचून घ्या. त्यात एखादे येजितखत निघाले, तर आधी पाहा : हरणाऱ्याची निशाणी त्यावर आहे का?

(समाप्त)