हिशेब कोणास द्यावयाचा?

लांचलुचपत म्हटली कीं सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें एक कारकून, एक टेबल आणि टेबलाखालून पुढें येणारा एक हात उभा राहतो. हें चित्र खोटें नाहीं. पण तें अपुरें आहे. त्यामुळें रोगाचें निदान व्यक्तीच्या नीतीपाशीं येऊन थांबतें आणि उपायहि उपदेशापलीकडे जात नाहीं. राज्यकारभारांतील भ्रष्टता केव्हां वाढते आणि केव्हां हटते, हें समजून घ्यावयाचें तर दोन प्रश्न आधीं विचारले पाहिजेत. व्यापार आणि सत्ता हीं एकाच हातांत होतीं काय? आणि त्या हातास जाब विचारणारा कोण होता? अठराव्या शतकांतील ईस्ट इंडिया कंपनीचा बंगालमधील कारभार आणि त्याच काळचें इंग्लंडचें पार्लमेंट यांच्या इतिहासांत या प्रश्नांचीं उत्तरें विलक्षण स्पष्टपणें वाचावयास मिळतात.

कंपनीच्या नोकरींत शिरणारा इंग्रज तरुण बहुधा सोळा-सतरा वर्षांचा असे. ‘रायटर’ या सर्वांत खालच्या हुद्द्यावर त्याची नेमणूक होई, आणि शतकाच्या पूर्वार्धांत त्या हुद्द्याचा पगार सालीना अवघा पांच पौंड होता. एवढ्या पगारासाठीं कोणी सहा महिन्यांचा समुद्रप्रवास करून परक्या हवेंत प्राण धोक्यांत घालीत नाहीं, हें लंडनमधील संचालकांनाहि ठाऊक होतें. म्हणूनच त्यांनीं पगार नांवापुरता ठेवून नोकरांस खासगी व्यापाराची मुभा दिली होती. इ. स. १७१७ मध्यें बादशहा फर्रुखसियर याच्या फर्मानानें कंपनीस सालीना तीन हजार रुपयांच्या मोबदल्यांत बंगालमध्यें जकातमाफी मिळाली. ही माफी कंपनीच्या स्वतःच्या आयात-निर्यातीपुरतीच आहे, असें नबाबांचें म्हणणें होतें. पण कंपनीचे नोकर तिचें ‘दस्तक’, म्हणजे माफीचा परवाना, मीठ, सुपारी आणि तंबाखू यांच्या आपल्या खासगी व्यापारासाठींहि वापरूं लागले. कित्येकांनीं तर तें दस्तक देशी व्यापाऱ्यांस विकण्याचाच धंदा मांडला.

जोंवर कंपनी केवळ व्यापारी होती तोंवर या लबाडीला मर्यादा होती. प्लासीच्या लढाईनें ती मर्यादा नाहींशी केली. जून १७५७ मध्यें सिराजउद्दौल्याचा पाडाव होऊन मीर जाफर गादीवर बसला आणि एकट्या क्लाइव्हच्या पदरांत सुमारें दोन लक्ष चौतीस हजार पौंड पडले. पुढें सालीना सुमारें सत्तावीस हजार पौंडांची जहागीर त्यास मिळाली ती वेगळीच. नबाब बदलण्यांत एवढी प्राप्ति आहे हें एकदां कळल्यावर नबाब वरचेवर बदलूं लागले. १७६० सालीं मीर कासीम आला, १७६३ सालीं पुन्हां मीर जाफर आला, आणि १७६५ सालीं त्याचा मुलगा नज्मुद्दौला आला. प्रत्येक राज्यारोहणाबरोबर कलकत्त्याच्या कौन्सिलरांस नजराणे पोंचत होते. शेवटच्या प्रसंगीं तर नजराणे घेण्यास मनाई करणारे संचालकांचे करारनामे कलकत्त्यास येऊन पडलेले असतांनाच ते घेतले गेले. पार्लमेंटच्या चौकशी समितीनें १७७३ मध्यें हिशेब काढला, तेव्हां १७५७ ते १७६५ या आठ-नऊ वर्षांतील अशा देणग्यांची बेरीज वीस लक्ष पौंडांहून अधिक भरली. याच चौकशींत क्लाइव्हनें, त्या प्रसंगीं दाखविलेल्या आपल्या संयमाचें आपणांसच आश्चर्य वाटतें, अशा आशयाचे उद्गार काढल्याचें प्रसिद्ध आहे. ते त्या काळच्या मनोवृत्तीचे द्योतक आहेत.

या कालखंडांतील सर्वांत बोधप्रद प्रसंग मीर कासीमचा आहे. दस्तकाच्या गैरवापरानें त्याचें जकातीचें उत्पन्न बुडत होतें आणि जकात भरणारा देशी व्यापारी देशोधडीला लागत होता. तक्रारी निष्फळ ठरल्या. कंपनीच्या नोकरांनीं शेंकडा नऊ जकात द्यावी, असा गव्हर्नर व्हॅन्सिटार्टनें केलेला तहहि कलकत्त्याच्या कौन्सिलनें धुडकावून लावला. तेव्हां १७६३ सालीं नबाबानें एक अनपेक्षित पाऊल टाकलें. त्यानें सर्वांचीच जकात माफ केली. कंपनीच्या माफींतला एक पैसाहि त्यानें कमी केला नव्हता. तीच सवलत त्यानें आपल्या रयतेलाहि दिली, एवढेंच. पण या एका हुकुमानें कौन्सिल खवळून उठलें. देशी व्यापाऱ्यांवर जकात पुन्हां बसविलीच पाहिजे, अशी त्याची मागणी होती. व्हॅन्सिटार्ट आणि वॉरन हेस्टिंग्ज या दोघांनींच काय तो नबाबाचा पक्ष घेतला. प्रकरण युद्धावर गेलें आणि ऑक्टोबर १७६४ मध्यें बक्सार येथें त्याचा निकाल लागला. कंपनीच्या नोकरांना खुला व्यापार नको होता. त्यांचा नफा मालाच्या गुणावर किंवा काटकसरीवर उभा नव्हता. इतरांना जें नाहीं तें आपणांस आहे, या एका भेदावर तो उभा होता. तो भेद नाहींसा होतांच त्यांचा व्यापार बसला असता. भ्रष्टाचार आणि मक्तेदारी यांचें नातें इतक्या उघडपणें दाखविणारें दुसरें उदाहरण क्वचितच सांपडेल.

१२ ऑगस्ट १७६५ रोजीं बादशहा शाहआलम यानें बंगाल, बिहार व ओरिसा येथील दिवाणी, म्हणजे सारावसुलीचा अधिकार, सालीना २६ लक्ष रुपयांच्या बदल्यांत कंपनीस दिला. आतां माल विकत घेणारा व्यापारी, सारा वसूल करणारा अंमलदार आणि सैन्य बाळगणारा सत्ताधारी हे तिघे एकच झाले. १७६७ पासून ब्रिटिश सरकारहि कंपनीकडून सालीना चार लक्ष पौंड घेऊं लागलें. म्हणजे ज्याला जाब विचारावयाचा त्याच्या प्राप्तींत जाब विचारणारा भागीदार झाला. १७६९-७० मध्यें पाऊस पडला नाहीं. त्यानंतरच्या दुष्काळांत बंगालची निदान एकतृतीयांश वस्ती नष्ट झाली असावी, असा अंदाज हेस्टिंग्जनें १७७२ मध्यें संचालकांस कळविला. त्याच पत्रांत त्यानें नमूद केलें आहे कीं १७७१ सालचा निव्वळ वसूल १७६८ सालापेक्षांहि अधिक होता, आणि वसूल पूर्वीच्या पातळीवर राहिला तो बळजबरीनें. मेलेल्या शेजाऱ्याचा सारा जिवंत राहिलेल्याकडून घेतला जात होता. कागदोपत्रीं हिशेब चोख होता. पण मुर्शिदाबादच्या कुणब्यानें त्याबद्दल दाद मागावी, असें एकहि द्वार उघडें नव्हतें.

इंग्लंडांत तर पार्लमेंट होतें. मग तेथें हा प्रकार वेळींच कां थांबला नाहीं? याचें उत्तर त्या पार्लमेंटच्या घडणींत आहे. टॉमस पिट हा आरंभीं कंपनीची मक्तेदारी मोडून चोरटा व्यापार करणारा व्यापारी होता. हिंदुस्थानांत मिळविलेल्या संपत्तींतून त्यानें १६९१ सालीं ओल्ड सॅरम ही जमीन विकत घेतली. पुढें कंपनीनें त्यालाच मद्रासचा गव्हर्नर केलें. ओल्ड सॅरम हें एक ओसाड पडलेलें गांव होतें. तेथें वस्ती अशी नव्हतीच आणि मतदार बोटांवर मोजण्याइतके होते. तरी त्या गांवाला पार्लमेंटांत दोन जागा होत्या, आणि मँचेस्टरसारख्या वाढत्या शहराला एकहि नव्हती. जमिनीबरोबर जागाहि पिट घराण्याकडे आल्या. त्याचा नातू, थोरला विल्यम पिट, १७३५ सालीं याच जागेवरून पार्लमेंटांत शिरला.

पिटनें घालून दिलेल्या वाटेनें पुढें अनेक जण गेले. बंगालहून व मद्रासेहून परतलेल्या धनिकांस इंग्लंडांत उपहासानें ‘नबाब’ म्हणत. पण त्यांनीं पैसे टाकून घेतलेल्या जागांचा उपहास करणें सोपें नव्हतें. मद्रासच्या पॉल बेनफील्डनें अर्काटच्या नबाबास जबर व्याजानें कर्जें दिलीं होतीं. तीं कर्जें खरीं किती आणि बनावट किती याची चौकशी न करतांच तीं कर्नाटकच्या वसुलांतून फेडावीं, असें १७८४ मध्यें मंत्रिमंडळानें ठरविलें. बेनफील्डनें स्वतःसह आठ सभासद पार्लमेंटांत बसविले होते, असा आरोप एडमंड बर्कनें १७८५ सालीं भर सभागृहांत केला. कर्नाटकच्या शेतकऱ्याच्या साऱ्यांतून लंडनमधील मत विकत घेतलें जावें आणि त्या मताच्या जोरावर पुन्हां तोच सारा लुबाडला जावा, असें हें चक्र होतें. मतें विकाऊ झालीं म्हणजे सभागृह जागेवर राहतें, भाषणें होतात, ठराव मांडले जातात. मात्र जाब विचारला जात नाहीं.

तरीहि तें सभागृह अस्तित्वांत होतें याचा उपयोग शेवटीं झालाच. १७७२ मध्यें कंपनीची तिजोरी रिकामी झाली आणि तिला सरकारापुढें कर्जासाठीं हात पसरावा लागला. १७७३ च्या कायद्यानें नजराणे घेण्यास बंदी केली. १७८४ च्या कायद्यानें कंपनीवर सरकारी नियंत्रण-मंडळ आलें. फेब्रुवारी १७८८ मध्यें वेस्टमिन्स्टर हॉलमध्यें हेस्टिंग्जवर खटला सुरू झाला आणि एप्रिल १७९५ मध्यें तो निर्दोष सुटला. निकालाविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. पण हिंदुस्थानच्या माजी गव्हर्नर-जनरलास सात वर्षें भर सभेंत उत्तरें द्यावीं लागलीं, ही गोष्ट पुढील अधिकाऱ्यांच्या स्मरणांत राहिली.

यापुढची सुधारणा उपदेशानें झाली नाहीं. ती व्यवस्था बदलल्यानें झाली. कॉर्नवॉलिसनें कलेक्टरचा पगार दरमहा दीड हजार रुपये केला, त्यावर वसुलाचा ठराविक हिस्सा दिला आणि खासगी व्यापार बंद केला. १८१३ मध्यें कंपनीची हिंदुस्थानच्या व्यापाराची मक्तेदारी गेली आणि १८३३ च्या कायद्यानें तिचा व्यापारच संपविला. अंमलदार आणि दुकानदार हे अखेर वेगळे झाले. १८५३ च्या कायद्यानें मुलकी नोकरी वशिल्यावरून परीक्षेवर आली. खुद्द इंग्लंडांत त्याच सुमारास स्पर्धा-परीक्षेचा आग्रह धरणारा चार्ल्स ट्रेव्हेलियन हा कंपनीच्याच नोकरींत तयार झालेला होता. १८२९ मध्यें दिल्लीस, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षीं, त्यानें आपल्या वरिष्ठ रेसिडेंटाची लांचखोरी उघडकीस आणून त्यास बडतर्फ करविलें होतें. पार्लमेंटहि हळूहळू बदललें. १८३२ मध्यें ओल्ड सॅरमसह छप्पन्न नाममात्र मतदारसंघ रद्द झाले. १८६१ मध्यें लोकलेखा समिति आली, १८६६ मध्यें स्वतंत्र हिशेबतपासणी आली, १८७२ मध्यें गुप्त मतदान आलें आणि १८८३ मध्यें उमेदवाराच्या खर्चावर कायद्यानें मर्यादा पडली. सव्वाशे वर्षांची ही वाटचाल आहे, आणि तिच्यांतील एकहि पाऊल विरोधावांचून पडलेलें नाहीं.

मात्र ही कथा येथेंच थांबविली तर ती अर्धी राहील. कॉर्नवॉलिसनें वरचे पगार वाढविले, पण मोठ्या अधिकाराच्या जागांवरून हिंदी लोकांस वगळलें. आणि खालच्या दारोग्यास व कचेरींतील अमल्यास तुटपुंज्या वेतनावर ठेवलें. लांच नाहींशी झाली नाहीं, ती खालीं उतरली. साहेब स्वच्छ होता. पण साहेबापर्यंत पोंचण्याची वाट लांच देऊनच चालावी लागे. वरच्या स्वच्छ कारभाराचा हिशेबहि लंडनला जात होता. १८६७ मध्यें तुर्कस्तानच्या सुलतानाच्या सन्मानार्थ लंडनमध्यें इंडिया ऑफिसांत झालेल्या समारंभाचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरींतून झाला. खुद्द भारतमंत्र्याचा पगार १९१९ च्या कायद्यापर्यंत येथील रयत भरीत होती. यांत कोणीं लांच खाल्ली नव्हती. प्रत्येक पावती जागच्या जागीं होती. पैसे देणाऱ्यास विचारण्याचा अधिकार नव्हता, एवढाच दोष होता.

दादाभाई नौरोजी आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्या कार्याचें मर्म येथें आहे. हिंदुस्थानच्या खर्चाची तपासणी करण्यासाठीं नेमलेल्या वेल्बी कमिशनचे दादाभाई एक सभासद होते, आणि १८९७ मध्यें गोखल्यांनीं लंडनमध्यें त्यापुढें साक्ष दिली. १९०२ मध्यें वरिष्ठ कायदेमंडळांत अंदाजपत्रकावरील आपल्या पहिल्याच भाषणांत त्यांनीं सरकारच्या शिलकेवर बोट ठेवलें. लोक दुष्काळानें व प्लेगानें गांजलेले असतांना तिजोरींत शिल्लक उरते, हें समृद्धीचें लक्षण नसून कर जास्त असल्याचें लक्षण आहे, असें त्यांनीं आंकड्यांनिशीं दाखविलें. त्यांनीं कोणावर चोरीचा आरोप केला नाहीं. ज्याचा पैसा त्याला हिशेब, एवढाच त्यांचा आग्रह होता.

१९५० मध्यें राज्यघटना अंमलांत आली तेव्हां प्रौढ मताधिकार आणि स्वतंत्र महालेखापाल या दोन्ही गोष्टी देशाला एकदम मिळाल्या. पण जुना रोग नव्या रूपानें येतो. परवाना देण्याचा अधिकार जेथें साठला तेथें दस्तकाचा बाजार पुन्हां भरला. आणि परवाने कमी झाले तेथें खाणी, जमिनी व कंत्राटें यांभोंवतीं तो मांडला गेला. म्हणून सरकारी उद्योग कीं खासगी उद्योग, एवढ्या वादानें हा प्रश्न सुटत नाहीं; ईस्ट इंडिया कंपनी खासगीच होती. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्रानें २००२ मध्यें आणि केंद्रानें २००५ मध्यें केला. राजकीय पक्षांस गुप्तपणें देणग्या देण्याची निवडणूक-रोख्यांची पद्धत सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०२४ मध्यें रद्द केली, तीहि मतदाराच्या जाणून घेण्याच्या हक्काच्याच आधारें. बंगालच्या कुणब्याला जें द्वार कधींच उघडें नव्हतें तें आज नागरिकाला कायद्यानें उघडें आहे. त्या द्वारांतून आंत जाऊन हिशेब मागण्याचें काम मात्र कायदा करूं शकत नाहीं. तें नागरिकानेंच करावयाचें आहे.