ठाण्यातील एक साक्ष आणि ख्रिस्ती विवाहवचनाचा इतिहास

१/ इ. स. १३२१. ठाण्यातील एका नेस्टोरियन ख्रिस्ती घरात नवऱ्याने बायकोला बेदम मारले. ती काझीकडे दाद मागायला गेली. साक्षीदार कोण, असे काझीने विचारताच तिने आपल्या घरी उतरलेल्या परदेशी फ्रान्सिस्कन साधूंचे नाव घेतले. साधूंना बोलावणे गेले, चौकशी बाजूला राहून धर्मावर वाद पेटला आणि अखेरीस थॉमस ऑफ टोलेंटिनोसह चौघे मारले गेले.

२/ काही काळाने ठाण्यात आलेल्या ओडोरिकने ही हकिकत लिहून ठेवली. साधूंच्या अस्थी तो थेट चीनला घेऊन गेला. त्या बाईचे नाव मात्र त्याच्या वृत्तांतात नाही, आणि तिच्या फिर्यादीचे पुढे काय झाले, हेही नाही. मला ही उणीव त्या चौघांच्या मृत्यूइतकीच बोलकी वाटते.

३/ नेस्टोरियन इथे कुठून आले? सहाव्या शतकात कॉस्मस ‘कल्लियाना’ येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचे सांगतो. बहुतेक अभ्यासक हे स्थळ म्हणजे आपले कल्याण मानतात. पौर्वात्य चर्चच्या विवाहात महत्त्व होते ते धर्मगुरूच्या आशीर्वादाला आणि वधूवरांच्या डोक्यावर ठेवल्या जाणाऱ्या मुकुटाला.

४/ पश्चिमेत वाट वेगळी. बाराव्या शतकात पोप तिसरा अलेक्झांडर याच्या निर्णयांतून तत्त्व पक्के झाले : विवाह घडतो तो दोघांच्या संमतीने. इथे व्याकरण निर्णायक ठरले! ‘मी तुला स्वीकारते’ म्हटले की विवाह. ‘स्वीकारीन’ म्हटले तर केवळ वाङ्निश्चय. धर्मगुरू नसला, साक्षीदार नसले, तरी विवाह वैध.

५/ तत्त्व उदात्त होते, परिणाम भयंकर. एकांतात वचन देऊन पुरुष उद्या नाकबूल झाला, तर स्त्रीने सिद्ध काय करायचे? ठाण्याच्या काझीने विचारलेला साक्षीदाराचा प्रश्न युरोपातील चर्चच्या न्यायालयांतही तिच्यापुढे उभाच होता.

६/ म्हणून ट्रेंटच्या परिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी ‘तामेत्सी’ हा आदेश काढला. आधी तीन सणवारी चर्चमध्ये जाहीर पुकारा. मग स्थानिक धर्मगुरू आणि दोन वा तीन साक्षीदार यांच्यासमोर संमती. एरवी विवाह रद्दबातल. १५३४ च्या तहानंतर वसई-साष्टी-ठाणे पोर्तुगीजांकडे होते, त्यामुळे ही शिस्त आपल्या किनाऱ्यावरही आली.

७/ पण वधूला वचन कळत होते का? १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने प्रार्थना लॅटिनमध्ये ठेवल्या. संमतीचा प्रश्न मात्र प्रत्येकाला नाव घेऊन लोकभाषेत विचारायला सांगितले. न कळलेल्या शब्दाला संमती कशी म्हणणार? संपूर्ण विधी लोकभाषेत यायला मात्र दुसरी व्हॅटिकन परिषद उजाडावी लागली.

८/ चर्चबाहेर तर मराठीच होती. ठाणे-वसईच्या ईस्ट इंडियन घरांत लग्नाआधी मांडव पडतो, वाजतगाजत ‘उंबराचे पाणी’ आणतात, बोलीतली गाणी होतात, नवरी लुगडे नेसते. १७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीज सत्ता उखडली, तरी चर्चमधले वचन आणि दारातला मांडव दोन्ही टिकले.

९/ इंग्रजांबरोबर तिसरी परंपरा आली. १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनाग्रंथात सुखदुःखात, श्रीमंती-गरिबीत, आजारपणात, मरणापर्यंत साथ देण्याचे वचन आहे. चित्रपटांमुळे आपल्याला हेच परिचित. त्यात ‘आज्ञा पाळीन’ हे शब्द फक्त वधूच्या तोंडी होते.

१०/ आता १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा पाहा. ‘नेटिव्ह’ प्रोटेस्टंटांसाठी त्याने सोपा पर्याय ठेवला : परवानाधारक व्यक्ती आणि दोन विश्वासार्ह साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना, ईश्वरासमक्ष, पती-पत्नी म्हणून स्वीकारायचे. वाक्य दोघांना सारखेच. आज्ञापालनाचा उल्लेखच नाही! उद्देश समतेचा असेल असे मला वाटत नाही; सरकारला नोंदीपुरते शब्द हवे होते. तरी कायद्याच्या कागदावर वधूवर बरोबरीचे झाले, हे खरे.

११/ आणि कल्याण? १९८८ मध्ये तिथे सिरो-मलबार धर्मप्रांत स्थापन झाला, मुख्यतः केरळहून कल्याण-डोंबिवली-मुंबई पट्ट्यात स्थिरावलेल्या कुटुंबांसाठी. त्यांची परंपराही पूर्व सिरियाक. वर वधूला ‘मिन्नू’ बांधतो, ‘मंत्रकोडी’ साडी देतो. आणि वचन देताना दोघांचे उजवे हात बायबलवर असतात.