गट काढणारीनंच कायम अध्यक्ष राहावं का?

आपल्या भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. पाऊस इथं डोंगरावर पडतो, पण पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खाली जातं. त्या पाण्यावर खाली ऊस पिकला आणि त्या उसावर लोणीचा प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहोत.

विठ्ठलराव विखे पाटील लोणीचे शेतकरी. शाळा फारशी शिकलेले नव्हते. सावकारी व्याजानं शेतकरी बुडत होता, म्हणून १९२३ साली त्यांनी गावात पतपेढी काढली. पुढं कारखान्यासाठी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवलं. १९५०-५१च्या हंगामात पहिलं गाळप झालं.

मग पहिले अध्यक्ष कोण? विखे पाटील नव्हे! अध्यक्ष झाले पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ, तेही सुमारे दहा वर्षं. त्यानंतर विखे पाटील अध्यक्ष झाले. ज्यानं घाम गाळला त्यानं खुर्ची आधी जाणकाराला दिली, पण काम सोडलं नाही. लोकांचा विश्वास एकाकडं, हिशेबाचं ज्ञान दुसऱ्याकडं. कारखान्याला दोन्ही लागत होतं.

पण एका माणसाच्या मोठ्या मनावर संस्था चालत नाही. पुढं जिल्ह्यातल्या कितीतरी कारखान्यांत खुर्ची एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या राहिली, हेही आपण बघतोच. म्हणून नियम हवा.

आमच्या गटाचंच सांगतो. ज्या ताईनं दारोदार जाऊन आम्हाला गोळा केलं, तीच पहिल्यापासून अध्यक्ष. आम्हालाही ते सोयीचं वाटलं. मग ऐन आवणीच्या तोंडावर ती आजारी पडली आणि कर्जवाटप अडलं, कारण हिशेबाची वही तिच्याशिवाय कुणालाच कळत नव्हती. दोष तिचा नाही, आमचा. आम्ही शिकलोच नाही.

आता आम्ही ठरवलंय, वही दर वर्षी नव्या हातात द्यायची आणि ताईनं शेजारी बसून शिकवायचं. अध्यक्षही ठरल्या मुदतीनं बदलायचा. ताईचा मान कमी होत नाही. तिनं लावलेलं झाड तिच्या पाण्यावाचूनही जगलं, तर तो तिचाच मान.

येत्या बैठकीत तुम्हीही विचारा: आपली वही किती जणींना वाचता येते?